जमिनीखालचा सांधा

सकाळी बटण दाबल्यावर मोटार फिरली, पण नळातून नुसती हवा आली. फस्स करून नळाने चूळभर पाणी टाकलं, पुन्हा फस्स केलं आणि गप्प झाला.

मिस्त्रीणीने लगेच बटण बंद केलं. कोरडी मोटार फिरवत ठेवली की आतलं सील जळतं. सत्तावीस वर्षं पंपमिस्त्रीच्या घरात काढल्यावर एवढं कुणालाही कळलं असतं, आणि तिला तर पाने, बेंड, वायसर सगळं अंधारात हाताला लागेल तसं ओळखू यायचं. तिने मोटारीच्या डोक्यावरचं बूच काढलं आणि तांब्याने पाणी ओतायला घेतलं. सात तांबे बसले. एरवी एकही बसत नसे. म्हणजे रात्रीतून पाइपातलं पाणी उतरून गेलं होतं.

बूच आवळून पुन्हा बटण दाबलं. आता पाणी आलं, पण दुधासारखं पांढरं, बुडबुड्यांनी भरलेलं, मध्येच तुटणारं. बादली पाऊण झाली आणि धार गेली.

"अहो, मोटार हवा घेतेय," ती ओसरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली.

"बरोबर," ओसरीतल्या खुर्चीवरून मिस्त्री म्हणाला.

आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या विहिरीवर पाना फिरवता फिरवता तो आडवा झाला होता. उजवं अंग गेलं, आणि बोलण्यातला एवढा एकच शब्द मागे राहिला. कामावर असताना पाइपाच्या दर आट्याला, पान्याच्या दर फेऱ्याला तो "बरोबर" म्हणायचा. तेवढाच जिभेला चिकटून राहिला. भूक लागली तरी बरोबर, पाठ दुखली तरी बरोबर. पण मिस्त्रीणीला त्यातले सूर कळायचे. तोडून म्हटलं की हो, लांबवलं की नको, नाकातून आलं की राग. दवाखान्यातल्या डॉक्टरने, किती समजतं ते हळूहळू बघू, एवढंच सांगितलं होतं. घरी येईपर्यंत तिच्या तोंडी त्याचं "समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही" असं झालं होतं. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. आणि दिवसभर त्याच्याशी बोलायची. भात मऊ झालाय का, ऊन लागतंय का, खुर्ची सरकवू का. उत्तर येतंच होतं.

मागच्या अंगणात हिरव्या जाळीखाली मिरचीच्या रोपांचे एकशे वीस ट्रे होते. मिस्त्री पडल्यापासून घर या रोपांवर चाललं होतं. अठरा दिवसांची रोपं, चार पानांवर आलेली. आणखी बारा दिवसांनी बागवाला रोपं न्यायला गाडी घेऊन येणार होता. ट्रेच्या एका खणात चिमूटभर माती; दिवसातून दोनदा पाणी लागायचं. उन्हाळ्याच्या दिवसांत एक पाळी चुकली तर रोप मान टाकतं, दोन चुकल्या तर मान उचलत नाही.

"आई, आज शेंदून घालावं लागणार," ती सासूला म्हणाली.

म्हातारी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. ऐंशी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण डोळे शाबूत. "घाल," ती म्हणाली. "पण आधी विहिरीत बघ. पाणीच गेलं असेल तर मोटारीला कशाला बोल लावायचा?"

मिस्त्रीणीने दोरीला दगड बांधून सोडला. पाणी हातभर उतरलं होतं, पण पाइपाचं तोंड चांगलं बुडलेलं होतं. विहीर निर्दोष निघाली. मग तिने बादली सोडली. कितीतरी वर्षांत विहीर शेंदली नव्हती. वीस बादल्यांनंतर तळहात भाजल्यासारखे झाले, आणि सगळे ट्रे भिजायला त्यानंतर आणखी नऊ लागल्या. संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच.

दुसऱ्या दिवशी वाइंडिंगवाला आला. बाजारात जळालेल्या मोटारींना तार भरून द्यायचं त्याचं दुकान होतं. उमेदीची सहा वर्षं त्याने मिस्त्रीच्या हाताखाली काढली होती. आता पन्नाशीला टेकला होता, पोट सुटलं होतं, तरी मिस्त्रीसमोर बिडी ओढत नसे. आल्या आल्या खुर्चीपाशी वाकला. "कसं काय, मिस्त्री?"

"बरोबर."

"तुमच्याच घरची मोटार रुसली म्हणायची! सुताराच्या दाराला कडी नाही, त्यातली गत."

मिस्त्री डाव्या बाजूने हसला. मिस्त्रीणीने ते हसू बघितलं आणि वाइंडिंगवाल्याकडे बघितलं, बघितलंस ना, अशा नजरेने.

दोघांनी मिळून विहिरीतला पाइप वर ओढला. पाणी मागे जाऊ न देणारी झडप, फूट-वॉल, पाइपाच्या बुडाशी असते. तिच्यातलं रबर कडक झालं होतं. वाइंडिंगवाल्याने नवं बसवलं. "बास. हेच होतं," तो म्हणाला. मोटारीत पाणी भरून चालू केली, धार आली, दहा मिनिटं टिकली. मिस्त्रीण जाळीखाली नळी घेऊन धावली. अर्धे ट्रे भिजले असतील नसतील, तोच हातातली नळी थरथरली, फसफसली, आणि गेली.

मग एकेक सांधा तपासायला घेतला. मोटार पाणी ओढते त्या बाजूला केसाएवढी जरी फट असली तरी तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. "धूर लागेल," वाइंडिंगवाला चाचरत म्हणाला, आणि खुर्चीकडे पाठ करून त्याने बिडी पेटवली. मोटार चालू ठेवून प्रत्येक आट्याशी धूर सोडला. फट असती तर धूर आत ओढला गेला असता. धूर सरळ वर गेला. साबणाचा फेस लावला, तोही जागच्या जागी फुगून बसला. विहिरीत उतरून पाइप बाहेर येतो तिथपर्यंत त्याने फेस लावला. काही नाही.

"वहिनी, मोटारीशी नाही आणि विहिरीत नाही," शर्टाला हात पुसत तो म्हणाला. "म्हणजे मधला पट्टा. जमिनीखाली."

पूर्वी मोटार विहिरीच्या काठावर होती. एकदा चोरीला गेली तेव्हा नवी आणून मिस्त्रीने ती घरामागच्या खोलीत बसवली आणि विहिरीपासून तिथवर पाइप जमिनीखालून आणला. वर कोबा केला. मिस्त्रीण तेव्हा लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला दीड महिना तिच्या घरी होती. परत आली तर अंगण गुळगुळीत झालेलं. पाइप कुठून नेलात, असं तिने विचारलं होतं. पाणी येतंय ना, मग झालं, असं तो म्हणाला होता.

"सरळ रेषेत नसणार," वाइंडिंगवाला म्हणाला. "मध्ये खडक लागला असेल तर वळवला असेल. दोन-तीन सांधे तरी आहेत. कुठे म्हणून खणणार? सोडून द्या. वरून नवा पाइप टाकू. अर्ध्या दिवसाचं काम. जुना राहू दे जमिनीत."

मिस्त्रीणीची नजर ओसरीकडे गेली.

"त्यांना माहितीये की," ती म्हणाली. "त्यांच्याच हातचं काम. त्यांनाच विचारू."

वाइंडिंगवाल्याने मिस्त्रीकडे बघितलं, मग खाली पान्यांकडे. एकेक पाना गोणपाटात ठेवत तो म्हणाला, "विचारा. शनिवारी मी मोकळा आहे. लागलं तर कळवा."

तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी ट्रे शेंदून भिजवल्यावर मिस्त्रीणीने नवऱ्याची दाढी केली. ट्रंकेतून त्याचा कामाचा शर्ट काढला, डाव्या खिशाला ग्रीसचा डाग असलेला. उजवा हात आधी घालायचा, मग डोकं, मग डावा. असं करत तो चढवला. खुर्ची अंगणात आणायची तर चार पायऱ्या होत्या. तिने त्याला पाठीवर घेतलं. त्याचा निर्जीव पाय तिच्या पिंढरीवर आपटत होता. खाली आणून बसवलं, पाठीला उशी दिली आणि डाव्या हातात काठी दिली.

"आता दाखवा," ती त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली. "मोटार इथे. विहीर तिथे. पाइप इथून निघाला. मध्ये सांधा कुठे घातलात? काठीने दाखवा नुसतं. घाई नाही."

मिस्त्रीने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग अंगणावरून नजर फिरवली. काठी हळूहळू उचलली गेली, हवेत जरा डुलली, आणि धुण्याच्या दगडाकडे वळून थांबली.

"तिथे?"

"बरोबर."

तोडून म्हटलं होतं. मिस्त्रीण ताडकन उठली. "आई, बघितलंत? बघितलंत का? दाखवलं त्यांनी!"

म्हातारी उंबऱ्यात होती. तिने सूप खाली ठेवलं, सुनेकडे बघितलं, आणि पुन्हा सूप उचललं.

कोबा चार बोटं जाड होता. पहारीच्या पहिल्या घावाला नुसती ठिणगी उडाली आणि मनगटात झिणझिण्या गेल्या. मिस्त्रीण पन्नाशीची, अंगाने वाळकी. दोरीने तळहात आधीच सोलले होते, त्यांना तिने फडकी गुंडाळली. दुपारपर्यंत कोबा हातभर फुटला. खाली मुरूम लागला, तो पहारीने सुटेना, टिकावाने सुटेना. खरवडून घमेल्यात भरायचा आणि कुंपणाशी नेऊन ओतायचा. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"एकटीच गं? माणूस लावायचास एखादा."

"माणूस आहे की," मिस्त्रीण खड्ड्यातून म्हणाली. "बसून दाखवतोय. मी आपली हातकाम्या."

शेजारीण हसली. जाळीखालच्या ट्रेंकडे बघत म्हणाली, "रोपं मलूल दिसतायत. आमची नळी टाकून देऊ का घटकाभर? पोचेल इथवर."

"नको, आज संध्याकाळपर्यंत सापडतोय. त्यांनी जागा दाखवली आहे."

संध्याकाळी खड्डा मांडीएवढा झाला. पाइप लागला नाही. एवढ्या खोल तो कधीच गेला नसता. मिस्त्रीण कडेवर बसली, घाम पुसून नवऱ्याकडे बघत राहिली. "थोडं अलीकडे-पलीकडे झालं असेल," ती म्हणाली. "खुर्ची तिरकी होती माझी. माझंच चुकलं."

"बरोबर," मिस्त्री म्हणाला.

त्या संध्याकाळी बादली शेंदताना दोरी हातात धरवेना. फडक्यातून रक्त आलं होतं. दोरी कोपराला वेढून, मागे चालत जाऊन तिने बारा बादल्या काढल्या. चार घरात ठेवल्या. बाकीच्या आठ बादल्या जितक्या ट्रेंना पुरल्या तितक्यांना पुरल्या. कडेच्या ओळी कोरड्या राहिल्या.

शुक्रवारी काठी पेरूच्या झाडाकडे गेली.

"मुळं चुकवून नेलात होय!" मिस्त्रीण म्हणाली. तिला ते पटलंच. असा वळसा त्याच्याच डोक्यातून निघणार. इथे कोबा पातळ होता, माती मऊ. गुडघाभर खाली पहार कशावर तरी पोकळ वाजली. तिने हातांनी माती उकरली. करड्या रंगाचा पाइप दिसला. ती खड्ड्यातच मटकन बसली आणि खो खो हसत सुटली. सासूला हाका मारल्या, कुंपणापलीकडे हाक मारली. "सापडला! अहो, सापडला तुमचा पाइप! काय डोकं आहे, काय डोकं आहे बाई!"

मग ती पाइपाच्या दोन्ही अंगांनी उकरत गेली. दोन हात इकडे, दोन हात तिकडे. अखंड पाइप. सांधा नाही, चीर नाही, ओल नाही. मोटार चालू करून साबण लावला. फेस हलला नाही. दुपार झाली. सकाळचं पाणी ट्रेंना द्यायचं राहूनच गेलं होतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पोटावर पालथी पडून हात खोल घालून पाइप चाचपत होती. ती तशीच पडून राहिली. एवढं झालं की जाते, असं म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

"मिस्त्रीणबाई!" कुंपणाकडून शेजारणीचा आवाज आला. "अगं, मिस्त्रींकडे बघ जरा."

मिस्त्रीच्या खुर्चीखाली ओलं झालं होतं, आणि नुसतं ओलंच नाही. ऊन सरकून त्याच्या तोंडावर आलं होतं. माश्या बसल्या होत्या. तो समोर बघत होता. शेजारणीबरोबर तिचा पाहुणा भाऊ उभा होता, तो नजर वळवून निघून गेला. मिस्त्रीण चिखलाच्या हातांनी धावली. घरात दोन बादल्या पाणी होतं. तेवढ्यात त्याला पुसायचं, कपडे बदलायचे, खुर्ची धुवायची. तो कामाचा शर्ट तिने पिळून दोरीवर टाकला, डाग आणि वास दोन्ही ठेवून.

"सांगायचं ना मला," ती त्याच्या मांड्या पुसत म्हणाली. "हाक मारायची. बरोबर म्हणायचं जोरात. मी आले नसते का?"

तो तिच्या हालणाऱ्या ओठांकडे बघत होता.

जाळीखाली ती गेली तेव्हा उन्हं कलली होती. कडेच्या ओळी झोपल्या होत्या. मधल्यांनी माना टाकल्या होत्या, पानं दोऱ्यासारखी लोंबत होती. तिने सहा बादल्या काढल्या. सातवी अर्ध्यातून सुटली आणि दोरीसकट विहिरीत गेली.

शनिवारी सकाळी म्हातारी म्हणाली, "त्या तारवाल्याला बोलव."

"आजचा दिवस. आज सापडेल आई. काल पाइप मिळालाच ना?"

"रोपं मरतील पोरी."

"आजचा दिवस फक्त."

तिने पुन्हा त्याला पाठीवर घेतलं. काठी दिली. या वेळी काठी जाळीच्या खांबाशी गेली. ती तिथे कोबा फोडायला लागली. तिसरा खड्डा. हातांची साल गेलेल्या जागी फडकं चिकटून वाळलं होतं. मूठ मिटली की ते ओढलं जायचं. पहार उचलायची आणि नुसती सोडायची, घाव घालायचं बळ नव्हतं. घमेलं अर्धंच भरत होती. एकदा श्वास घ्यायला म्हणून तिने मान वर केली.

शेजारणीची एक कोंबडी कुंपणाखालून अंगणात आली होती. खांबापाशी चरत होती. उकरलेल्या मातीत चोच मारत ती डावीकडे निघाली. खुर्चीतल्या मिस्त्रीची काठी हळूच उचलली गेली आणि डावीकडे निघाली. कोंबडी थांबली, काठी थांबली. कोंबडी धुण्याच्या दगडापर्यंत गेली. काठी तिच्या मागे गेली. मिस्त्रीच्या तोंडावर तेच डाव्या बाजूचं हसू होतं.

मिस्त्रीण बघत राहिली. गुरुवारी धुण्याच्या दगडावर काय होतं? पिळलेली चादर होती, वाऱ्याने तिचं टोक फडफडत होतं. पेरूच्या झाडावर काय होतं? एक कावळा फांदी हलवत बसला होता, तिनेच त्याला हुसकलं होतं खणायच्या आधी.

ती खड्ड्यातून बाहेर आली. खुर्चीसमोर उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "पाइप जमिनीखाली नाही ना घातलात? आभाळात घातलात ना?"

"बरोबर."

तोडून. अगदी तसंच तोडून.

"ही मोटार आपली नाहीच. आपल्याला मोटारच नाही. आपल्याला विहीर नाही."

"बरोबर."

"आणि मी? मी कोण आहे? तुमची कुणी लागते का मी?"

या वेळी त्याने लांबवून म्हटलं. नको म्हणायचं असलं की म्हणायचा तसं. किंवा कसंच नाही. आता तिला त्यातलं काही ऐकू येईना. तिचा आवाज चढला तसा तो बावरला, काठी हातातून गळली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत त्याने तोंड वेडंवाकडं केलं, तिच्यासारखंच.

"बास कर," उंबऱ्यातून म्हातारी म्हणाली.

मिस्त्रीण तिच्याकडे वळली. "आई, यांना कळत नाही."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

म्हातारी भिंतीला धरून उठली. एकेक पायरी उतरत अंगणात आली. लेकाची पडलेली काठी तिने उचलली आणि टेकायला घेतली. "दवाखान्यातून आणल्यावर आठ-दहा दिवस झाले असतील. तू रोपांत होतीस. मी त्याच्याशी बसले. म्हटलं, बाळा, तुझा बाप आलाय, दारात उभा आहे, ये म्हणू का? हा बरोबर म्हणाला, आनंदाने म्हणाला." तिने लेकाकडे बघितलं. "तीस वर्षं झाली त्यांना जाऊन. खांदा यानेच दिला होता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू बोलत होतीस त्याच्याशी. सकाळपासून बोलत होतीस. घरात आवाज होता." म्हातारीने लेकाच्या तोंडावरची लाळ हाताने पुसली. "सांगून काय झालं असतं? मी एकटीच बसत होते ते घेऊन. आता दोघी बसू."

मिस्त्रीणीला रडू आलं नाही. तहान लागली होती, ती लागलीच. ती घरात गेली, कळशीत उरलेलं पाणी तोंड लावून प्यायली. मग वाइंडिंगवाल्याला फोन केला.

तो तासाभरात आला. सायकलवर पाइपाच्या दोन नळ्या, खिशात चिकटवायच्या द्रावणाची डबी. अंगणातल्या तीन खड्ड्यांकडे त्याने बघितलं. तिच्या हातांकडे बघितलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा." कुंपणाकडेने, उघड्यावरून, त्याने पाइप नेला. करवतीने कापायचा, घासायचा, द्रावण लावायचं, दाबून धरायचं, मनात शंभर मोजायचे. दुपारच्या आत मोटार लागली. पाणी भरलं, बटण दाबलं. नळाने एक उचकी दिली आणि मनगटाएवढी धार सुरू झाली. स्वच्छ, जड, न तुटणारी. ती बंदच होईना, इतकी चांगली चालली.

"जुना सांधा कुठे होता ते काही कळलं नाही शेवटी," वाइंडिंगवाला म्हणाला. निघताना सवयीने खुर्चीपाशी वाकला. "येतो, मिस्त्री. झालं तुमचं काम."

मिस्त्रीण नळी घेऊन जाळीखाली गेली. सगळ्या ट्रेंना पाणी दिलं, मेलेल्यांनाही. वाट बघितली. उन्हं उतरल्यावर काही माना वर येतात, हा तिचा अनुभव होता. संध्याकाळी तिने मोजले. एकोणीस ट्रे उभे होते. बाकी एकशेएक ट्रेंतली रोपं काळपट होऊन मातीला चिकटली होती. तिने बागवाल्याला फोन करून रोपं गेली म्हणून सांगितलं.

"मोटार मंगळवारपासून बिघडली होती म्हणता," बागवाला म्हणाला, "मग शेजारीपाजारी कुणाकडे पाणी नव्हतं?"

"होतं," मिस्त्रीण म्हणाली.

रविवारी सकाळी तिने खड्डे बुजवायला घेतले. मुरूम परत लोटायचा, वर पाणी मारायचं, पायांनी दाबायचं. कोब्याचे तुकडे नुसतेच वर मांडले. मिस्त्रीला ओसरीत बसवलं होतं. अंघोळ घालून, कपडे बदलून. अंघोळ घालताना पाणी भरपूर होतं, गरम होतं, आणि ती एक शब्द बोलली नव्हती. त्याने दोनदा-तीनदा तिच्या तोंडाकडे बघितलं होतं.

दुपारी लेकीचा फोन आला. दर रविवारी यायचा. आधी आईशी, मग आजीशी, आणि शेवटी बाबांना दे म्हणायची. पण आज तिचा सूर निराळा होता.

"आई, ह्यांचं तिकडच्या नोकरीचं पक्कं होतंय गं. समुद्रापलीकडे. पाच वर्षं तरी. मध्ये येणं जमेल असं नाही, ते स्पष्टच सांगतात. मी अजून हो म्हटलं नाहीये. बाबा असे असताना मला जाववत नाही. मी ह्यांना सांगितलंय, बाबांना विचारते. बाबा नको म्हणाले तर मी इथेच राहीन, मुलांना घेऊन. महिन्या-दोन महिन्यांनी येत जाईन तुमच्याकडे."

मिस्त्रीणीने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. ओसरीच्या कडेला म्हातारी होती. फोनचा आवाज मोठा होता, तिने सगळं ऐकलं होतं. ती सुनेकडे बघत होती.

"आई? आहेस ना? दे ना बाबांना."

"देते," मिस्त्रीण म्हणाली.

तिने फोन नवऱ्याच्या डाव्या कानाशी धरला. सोललेल्या तळहाताला फोन गरम लागत होता.

"बाबा," लेक म्हणाली. आवाज ओला झाला होता. "ऐकलंत ना सगळं? मी जाऊ ना, बाबा? तुम्ही मनापासून सांगा. जाऊ?"

फोनमधल्या आवाजाने मिस्त्रीचा चेहरा उजळला. तो कुठून येतोय ते त्याने इकडेतिकडे बघून शोधलं. मग म्हणाला, "बरोबर."

पलीकडे लेक रडायला लागली. रडता रडताच हसली. "आई! ऐकलंस का गं? जा म्हणाले. मला वाटलंच होतं, बाबा मला अडवणार नाहीत. ऐकलंस ना तू?"

मिस्त्रीणीने फोन परत आपल्या कानाला लावला. समोर उन्हात तीन बुजवलेले खड्डे ओले दिसत होते. म्हातारीने मान खाली घातली होती.

"ऐकलं," मिस्त्रीण म्हणाली. "मग कधी निघायचं म्हणताय?"